फ्लॅशवर चालणाऱ्या उपकरणात कॉन्फिगरेशन फायली टिकवायच्या कशा?

मोजणीदार (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही काही जणांनी मिळून लिनक्सवर चालणारा एक डेटा लॉगर (मोजमापे नोंदवणारे यंत्र) तयार केला आहे. त्यात १२८ मेगाबाइटची एसपीआय नँड फ्लॅश (वीज गेल्यावरही मजकूर टिकवणारी चिप) आहे. मूळ फाइल सिस्टीम स्क्वॉशएफएसची, म्हणजे फक्त वाचता येणारी आहे आणि तिच्यावर ओव्हरलेएफएसचा लिहिता येणारा थर यूबीआयएफएस या नँड फ्लॅशसाठीच्या फाइल सिस्टीमवर ठेवला आहे. अगदी पहिल्या आवृत्तीत ईटीसी ही कॉन्फिगरेशन फायलींची डिरेक्टरी रॅममध्ये होती, त्यामुळे उपकरण बंद करून चालू केले की सगळे बदल पुसले जात. ओव्हरले आल्यावर तो प्रश्न सुटला असे आम्ही समजलो होतो.

आता दोन नव्या तक्रारी आहेत. पहिली अशी, की बाहेर बसवलेल्या यंत्रांपैकी तीन परत आली आणि तिन्हींमध्ये नेटवर्कची कॉन्फिगरेशन फाईल जागेवर होती, पण तिचा आकार शून्य बाइट होता. दुसरी अशी, की फर्मवेअर अद्ययावत केल्यावर ईटीसीमधल्या काही फायलींची नवी मूळ मूल्ये यंत्रात दिसतच नाहीत, जुनीच राहतात, आणि हे काही यंत्रांवर होते तर काहींवर होत नाही. फ्लॅश खराब झाली असावी असा आमच्यातल्या काहींचा कयास आहे, पण तिन्ही यंत्रांत नेमकी तीच एक फाईल खराब व्हावी हे मला पटत नाही.

जुनाखिळा

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. नँड झिजली असती तर तिने फाईल निवडून खाल्ली नसती, आणि यूबीआयने (यूबीआयएफएसखालचा, फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर) वाचनातल्या चुकांची तक्रार कर्नलच्या नोंदींत केली असती. दोन्ही दुखणी एकमेकांपासून वेगळी आहेत असे मला वाटते, तेव्हा आधी पहिले घेऊ. बदल जतन करणारी स्क्रिप्ट नेमके काय करते, आणि तात्पुरती फाईल कोणत्या डिरेक्टरीत तयार होते, हे सांगाल का?

मोजणीदार (धागाकर्ता)

वेब पानावरून आलेली मूल्ये सेड आज्ञेने साच्यात भरून टीएमपी डिरेक्टरीत नवी फाईल तयार होते. मग एमव्ही आज्ञेने ती ईटीसीमधल्या जुन्या फाईलच्या जागी हलवली जाते आणि पडद्यावर 'जतन झाले' असा संदेश येतो. फाईलवर थेट लिहिण्याऐवजी नवी तयार करून तिचे नाव बदलणे सुरक्षित असते, कारण नाव बदलण्याची क्रिया अ‍ॅटॉमिक म्हणजे एकतर पूर्ण होणारी किंवा मुळीच न होणारी असते, असे वाचून आम्ही ही पद्धत मुद्दाम घेतली होती.

जुनाखिळा

वाचलेत ते खरे आहे, पण तुमच्या स्क्रिप्टमध्ये नाव बदलण्याची क्रिया घडतच नाही. टीएमपी ही बहुधा टीएमपीएफएस, म्हणजे रॅममधली फाइल सिस्टीम आहे आणि ईटीसीचा लिहिता थर यूबीआयएफएसवर आहे. रिनेम ही सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडे नाव बदलण्याची मागणी, एकाच फाइल सिस्टीमच्या आत चालते. दोन वेगळ्या फाइल सिस्टीममध्ये ती चूक परत करते. एमव्ही आज्ञा ती चूक मुकाट्याने गिळते, मजकूर दुसरीकडे नकलून काढते आणि मूळ फाईल पुसते. म्हणजे नाव 'हलवणे' असले तरी प्रत्यक्षात जुनी फाईल काढून टाकून तिच्या जागी नवी, सुरुवातीला रिकामी असलेली फाईल उघडून तीत मजकूर ओतला जातो. तुम्ही जे टाळू पाहत होता तेच घडते आहे, फक्त एका आज्ञेच्या आड.

आता वेळेचा भाग पाहा. मजकूर ओतला म्हणजे तो फ्लॅशवर गेला असे नव्हे; तो कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच असतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत अशी 'मळलेली' (अजून फ्लॅशवर न लिहिलेली) पाने ३० सेकंद जुनी झाल्यावर लिहिण्यास पात्र ठरतात आणि ती लिहिणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो, त्यामुळे मजकूर फ्लॅशवर पोहोचायला अर्धा मिनिट किंवा थोडे अधिकही लागू शकते. (हा 'धागा' कर्नलमधला, आपला नव्हे.) फाईलचे नाव आणि तिची इनोड नोंद (मालकी, हक्क वगैरे माहिती) मात्र यूबीआयएफएसच्या जर्नलमध्ये बरीच आधी पोहोचते. या दोहोंच्या मधल्या काळात वीज गेली की पुढच्या बूटला नाव सापडते, आकार शून्य असतो. तुमचा तंत्रज्ञ 'जतन झाले' वाचून किती वेळाने वीज काढतो, ते एकदा विचारून पाहा.

करायचे ते असे. तात्पुरती फाईल मूळ फाईलच्याच डिरेक्टरीत तयार करा. लिहून झाल्यावर तिच्यावर एफसिंक (मजकूर फ्लॅशवर पोहोचेपर्यंत थांबणारी सिस्टीम कॉल) बोलवा आणि ते यशस्वी झाले का ते तपासा. मगच रिनेम करा आणि शेवटी त्या डिरेक्टरीवरही एफसिंक बोलवा, कारण नाव ही डिरेक्टरीची मालमत्ता आहे, फाईलची नव्हे. या क्रमात कुठेही वीज गेली तरी बूटनंतर एकतर पूर्ण जुनी फाईल मिळेल किंवा पूर्ण नवी. शेलमधूनच करायचे असेल तर बिझीबॉक्स या छोट्या यंत्रांसाठीच्या आज्ञासंचात एफसिंक नावाची आज्ञा आहे, मात्र बांधणीच्या वेळी ती निवडलेली असावी लागते. जीएनयू कोअरयुटिल्सच्या ८.२४ पासूनच्या आवृत्त्यांत सिंक आज्ञेला फाईलचे नाव देता येते.

यात 'यशस्वी झाले का ते तपासा' हा भाग लोक गाळतात. लिहिता थर नोंदींनी भरून गेला असेल तर सेडची नवी फाईल अर्धवटच तयार होते, आणि आज्ञेचा निकाल न पाहता स्क्रिप्ट पुढे गेली तर ती अर्धवट फाईल चांगल्या फाईलच्या जागी मोठ्या इमानाने नेऊन ठेवते.

पाटीपेन्सिल

जुनाखिळा यांच्या प्रतिसादात एक पुरवणी. हीच स्क्रिप्ट विकासाच्या संगणकावर ईएक्सटी४ वर कितीही वेळा चालवली तरी रिकामी फाईल सहसा मिळत नाही, त्यामुळे दोष तिथे दिसतच नाही. ईएक्सटी४ मध्ये लांबणीवर टाकलेल्या वाटपामुळे २००९ च्या सुमारास अशाच रिकाम्या फायलींवरून मोठा वाद झाला होता. त्यानंतर तिच्यात अशी सोय आली, की फाईल कापून पुन्हा लिहिली किंवा रिनेमने बदलली तर तिचा मजकूर लवकर लिहून काढला जातो. ही ईएक्सटी४ ची मेहेरबानी आहे, कराराचा भाग नव्हे. यूबीआयएफएसकडून ती गृहीत धरू नये.

सेडचा जागच्या जागी बदल करणारा पर्याय वापरणाऱ्यांसाठीही हे लागू आहे. तो तात्पुरती फाईल त्याच डिरेक्टरीत बनवतो आणि रिनेम करतो, पण एफसिंक करत नाही.

मोजणीदार (धागाकर्ता)

विचारले. उत्तर असे मिळाले, की 'जतन झाले' दिसले की लगेच वीज काढायची आणि पेटी बंद करायची, कारण वर शिडीवर उभे राहून आणखी कशाची वाट पाहायची? मला यावर काही बोलता आले नाही. खोटे त्यांनी केलेले नाही, आमच्या संदेशाने केलेले आहे.

रिलेवाला

दुरुस्ती केल्यावर ती खरोखर लागू पडली की नाही, हे टेबलावर बसून कळणार नाही. एक रिले घ्या, दुसऱ्या एखाद्या बोर्डाने तो चालवा आणि यंत्राचा वीजपुरवठा यादृच्छिक वेळी तोडा. यंत्राने बूट झाल्यावर आपणहून कॉन्फिगरेशन पुन्हा पुन्हा बदलत राहायचे. प्रत्येक वेळी फाईलमध्ये एक वाढता क्रमांक आणि संपूर्ण मजकुराची चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणी-संख्या) लिहायची, आणि 'जतन झाले' म्हणताना तोच क्रमांक सिरियल कन्सोलवर छापायचा. पुढच्या बूटला फाईलमधला क्रमांक कन्सोलवर शेवटी छापलेल्या क्रमांकापेक्षा लहान असेल तर यंत्र खोटे बोलले. चेकसम जुळली नाही तर फाईल तुटली. हे दोन दोष वेगवेगळे आहेत, त्यांची मोजणीही वेगळी ठेवा. रात्रभर चालू द्या. एक सूचना: तोडण्याची वेळ बूट होत असतानाचीही असू द्या, कारण बूट होताना बऱ्याच स्क्रिप्ट गुपचूप काही ना काही लिहीत असतात.

हार्डवेअरचाही थोडा विचार करावा. वीज जाते म्हणजे व्होल्टेज एका क्षणात शून्य होत नाही, ते उतरत जाते, आणि त्या उतारावर प्रोसेसर अजून जागा पण फ्लॅशला व्होल्टेज अपुरे, अशी एक वाईट फट असते. त्या फटीत काय लिहिले जाईल याची हमी कोणी देत नाही. म्हणून ब्राउनआउट रिसेटची (व्होल्टेज उतरताच प्रोसेसर थांबवणाऱ्या सोयीची) पातळी फ्लॅशच्या किमान व्होल्टेजपेक्षा वर हवी. जोडीला थोडा कपॅसिटर हवा. ढोबळ हिशेब असा, की ५ व्होल्टच्या रेषेवर अर्धा अँपिअर प्रवाह २० मिलिसेकंद टिकवायचा आणि तेवढ्यात व्होल्टेज १ व्होल्टपेक्षा जास्त उतरू द्यायचे नसेल, तर ०.५ गुणिले ०.०२ भागिले १, म्हणजे ०.०१ फॅरड, अर्थात १०,००० मायक्रोफॅरड लागतात. नँडचे एक पान लिहायला काहीशे मायक्रोसेकंद आणि ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हातात असलेली क्रिया पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद पुरतात. तेवढ्यात सगळी कॅश रिकामी होईल अशी आशा मात्र धरू नये. कपॅसिटर एफसिंकची जागा घेत नाही.

दोनकप्पे

माझे काम मायक्रोकंट्रोलरवरचे, जिथे फाइल सिस्टीमच नसते, पण दुखणे तेच असते. तिथे आम्ही दोन कप्प्यांची जुनी युक्ती वापरतो आणि ती लिनक्सवरही उपयोगी पडते म्हणून लिहितो.

फ्लॅशचे दोन वेगळे ब्लॉक घ्यायचे. प्रत्येकात एक ओळखचिन्ह, रचनेची आवृत्ती, वाढता क्रमांक, मजकुराची लांबी, मजकूर आणि सीआरसी, म्हणजे एक प्रकारची चेकसम. लिहिताना नेहमी जुना कप्पा पुसून त्यात लिहायचे, चालू कप्प्याला हात लावायचा नाही. बूट होताना दोन्ही वाचायचे आणि ज्यांची सीआरसी जुळते त्यांतला मोठ्या क्रमांकाचा घ्यायचा. यू-बूट या बूटलोडरचे दुहेरी एन्व्हायर्नमेंटही (त्याच्या मूल्यांचा साठा) याच जातीचे आहे. तिथे सीआरसीसोबत एक ध्वज-बाइट असतो, त्यावरून चालू प्रत ओळखली जाते. ते एकेरीच ठेवलेले बोर्ड मी बरेच पाहिले आहेत, आणि लिनक्समधून एफडब्ल्यू-सेटएन्व्ह (ती मूल्ये बदलणारी आज्ञा) चालवत असताना वीज गेली की ते बोर्ड बूटलोडरच्या मूळ मूल्यांवर येऊन थांबतात.

दोन बारकावे आहेत, दोन्ही स्वतः ठेच खाऊन शिकलेले. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात, म्हणून लांबीच्या जागी सगळे १ वाचले गेले तर तेवढी लांबी खरी मानून सीआरसी काढायला धावू नये, आधी मर्यादा तपासावी. दुसरा असा, की ज्या सीआरसीची सुरुवात शून्याने होते आणि शेवटी काही उलटवले जात नाही, तिच्यात शून्यांनी भरलेल्या मजकुराची सीआरसी शून्यच येते, त्यामुळे सगळी शून्ये झालेला कप्पा 'बरोबर' ठरतो. ओळखचिन्ह त्यासाठीच लागते. आमच्या एका यंत्राने त्यापायी सगळ्या मर्यादा शून्य मानून मोटर जागची हलू दिली नव्हती.

मोजणीदार (धागाकर्ता)

दोनकप्पे यांच्या प्रतिसादावरून आठवले, की याच कॉन्फिगरेशन फाईलमध्ये आम्ही शेवटच्या पाठवलेल्या नोंदीचा क्रमांकही दर मिनिटाला लिहितो. आता प्रत्येक वेळी एफसिंक केले तर फ्लॅश झिजणार नाही का?

दोनकप्पे

माझ्या जगात ती महिन्यांत झिजेल. नॉर या दुसऱ्या जातीच्या फ्लॅशचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा पुसता येतो. दर मिनिटाला एकदा म्हणजे दिवसाला १,४४० वेळा, आणि एकाच जागी लिहिले तर १ लाख पुरतात जेमतेम ६९ दिवस. काही मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या फ्लॅशसाठी तर १० हजार वेळांचीच हमी असते. तिथे हा हिशेब एका आठवड्याचा होतो.

जुनाखिळा

यूबीआय झीज सगळ्या ब्लॉकांवर पसरवते, त्यामुळे चित्र इतके भयंकर नाही. १२८ मेगाबाइटच्या नँडमध्ये सहसा १२८ किलोबाइटचे १,०२४ ब्लॉक असतात आणि प्रत्येक ब्लॉकात २,०४८ बाइटची ६४ पाने. तुमची फाईल ३०० बाइटची असली तरी एफसिंक झाले की निदान एक पान खर्ची पडते. नाव बदलणे आणि डिरेक्टरीचे एफसिंक धरून एका जतनाला चार पाने धरली तर दिवसाला ५,७६० पाने, म्हणजे ९० ब्लॉक. लिहित्या थराला ४०० ब्लॉक मिळाले असतील तर साडेचार दिवसांत एक फेरी पूर्ण होते. फाइल सिस्टीमची स्वतःची आवराआवर धरून याच्या कैक पट खर्च मोजला तरी चांगल्या एसएलसी (पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या) नँडला ते वर्षानुवर्षे पेलते.

झिजेपेक्षा माझा आक्षेप वेगळा आहे. आयपी पत्ता वर्षातून एकदा बदलतो आणि नोंदक्रमांक दर मिनिटाला. दोघांना एका फाईलमध्ये बसवले की वर्षभर न बदलणारी गोष्ट दर मिनिटाला धोक्यात येते. क्रमांकासाठी वेगळी फाईल करा, आणि तो दर मिनिटाला लिहायची गरज आहे का तेही पाहा. वीज गेल्यावर शेवटच्या दहा नोंदी पुन्हा पाठवल्या गेल्या आणि सर्व्हरने दुबार नोंदी टाकून दिल्या, तर दहा मिनिटांतून एकदा लिहिणे पुरते. अगदी हवेच असेल तर बोर्डावर छोटी एफरॅम चिप बसवा. तिला पुसावे लागत नाही आणि तिची लिहिण्याची क्षमता अब्जावधी वेळांच्या पुढची असते.

आणि जाता जाता: नँडचे पार्टिशन नव्याने तयार करताना साधी पुसण्याची आज्ञा वापरू नका, यूबीआयफॉरमॅट वापरा. कोणता ब्लॉक किती वेळा पुसला गेला याची मोजदाद यूबीआय प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला लिहून ठेवते; साधी आज्ञा ती मोजदादही पुसून टाकते.

कार्डफेल

एसडी कार्ड किंवा ईएमएमसी (बोर्डावर जोडलेली, कार्डासारखीच साठवण चिप) वापरणाऱ्यांनी वरचे हिशेब जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे खऱ्या फ्लॅशपुढे कंट्रोलर बसलेला असतो, आतले मोठे ब्लॉक तोच हलवत असतो, आणि स्वस्त कार्डात वीज गेली तर तुम्ही लिहीत नव्हता अशा फाईलचाही तुकडा उडू शकतो. एफसिंक केले, रिनेम केले, सगळे शास्त्रोक्त केले, आणि बिघडली ती सहा महिने कोणी न शिवलेली लायब्ररी, असे माझ्याकडे घडले आहे. त्यावर फाइल सिस्टीमच्या पातळीवर औषध नाही. मूळ पार्टिशन फक्त-वाचनीय ठेवूनही धोका कमी होतो, संपत नाही, कारण आतल्या कंट्रोलरला तुमची पार्टिशने माहीत नसतात.

ईएमएमसीच्या ५.० पासूनच्या चिपा आपली झीज दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी सांगतात आणि लिनक्समध्ये ती सिसएफएसमधल्या लाइफटाइम नावाच्या फाईलमधून वाचता येते. परत आलेल्या यंत्रांत ती पहिल्यांदा पाहावी.

पाटीपेन्सिल

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू, कारण माझ्या मते तिचे मूळ ओव्हरले वापरण्यातच आहे. ओव्हरलेएफएसमध्ये खालच्या थरातली फाईल बदलायची झाली की ती संपूर्ण फाईल आधी वरच्या थरात नकलली जाते. एक ओळ बदलली तरी संपूर्ण फाईल वर येते, आणि मग खालच्या थरात नवे फर्मवेअर आले तरी वरची प्रत तिला कायमची झाकून टाकते. ज्या यंत्रावर कोणी ती फाईल कधीच शिवली नाही तिथे नवी मूल्ये दिसतात, बाकी ठिकाणी नाहीत. तुमचे 'काहींवर होते, काहींवर होत नाही' हे त्यातूनच आले असणार.

वरच्या थरातली डिरेक्टरी थेट उघडून तिच्यातल्या फायलींची यादी काढा. यंत्राने कोणकोणत्या फायली आपल्या म्हणून धरून ठेवल्या आहेत ते दिसेल.

मोजणीदार (धागाकर्ता)

यादी काढली आणि थक्क झालो. चार-पाच फायली अपेक्षित होत्या, पण एका यंत्रात जवळजवळ संपूर्ण ईटीसी वर आलेली आहे! आम्ही त्यांतल्या बहुतेक फायली कधीही बदललेल्या नाहीत. खालच्या फायलींशी ताडून पाहिल्या तर मजकूर अक्षरशः तोच आहे.

जुनाखिळा

एखादी स्क्रिप्ट ईटीसीवर मालकी किंवा हक्क बदलणारी आज्ञा सर्व उपडिरेक्टऱ्यांसकट चालवत असणार. ओव्हरलेला मजकुराशी देणेघेणे नसते. मालकी, हक्क किंवा वेळ यांपैकी काहीही नोंदवायचे म्हटले की नेहमीच्या मांडणीत संपूर्ण फाईल वर नकलली जाते, मग नोंदवलेले मूल्य आधीचेच का असेना.

मोजणीदार (धागाकर्ता)

सापडली. एका आवृत्तीत फायलींची मालकी चुकली होती, ती दुरुस्त करायला पहिल्या बूटला चालणारी तीन ओळींची स्क्रिप्ट मीच लिहिली होती. त्या आवृत्तीतून गेलेल्या प्रत्येक यंत्राची ईटीसी त्या दिवशीच गोठली.

पाटीपेन्सिल

म्हणूनच माझे मत असे, की उत्पादनात ओव्हरले वापरूच नये. ईटीसी फक्त-वाचनीय राहू द्या, वेगळे डेटा पार्टिशन करा, आणि ज्या फायली टिकवायच्या आहेत त्या नावानिशी ठरवून तिथे ठेवा. कोणती फाईल टिकते याची यादी एका कागदावर मावली पाहिजे. ओव्हरलेमध्ये ती यादी अपघाताने तयार होते. मी तर हवी ती फाईल बाइंड माउंट करून (एका जागची फाईल दुसऱ्या जागीही दाखवून) ईटीसीमधल्या तिच्या जागी बसवतो.

जुनाखिळा

तत्त्व मान्य, शेवटचे वाक्य नाही. एकेक फाईल बाइंड माउंट केली की तिच्यावर रिनेम चालत नाही. ती जागा माउंटची असल्याने कर्नल 'वापरात आहे' असे सांगून नकार देते. मग लोक वैतागून फाईलवर थेट लिहायला लागतात आणि आपण धाग्याच्या सुरुवातीला परत येतो. सिम्लिंकचे (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या नावाचे) उलटे होते: सिम्लिंकच्या नावावर रिनेम केले की सिम्लिंकच नाहीशी होते आणि तिच्या जागी साधी फाईल येते. सेडचा जागच्या जागी बदल हेच करतो. म्हणून बाइंड माउंट करायची तर ती पूर्ण डिरेक्टरी करा, किंवा प्रोग्रॅमलाच डेटा पार्टिशनमधला पत्ता द्या.

ओव्हरलेला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. ओपनडब्ल्यूआरटी कित्येक वर्षे राउटरांवर स्क्वॉशएफएस आणि त्यावर लिहिता थर हीच रचना वापरते, पण फर्मवेअर बदलताना ती जुना थर आंधळेपणाने पुढे नेत नाही. टिकवायच्या फायलींची यादी सिसअपग्रेडच्या कॉन्फिगरेशनमध्ये असते, तेवढ्याच फायली बाजूला काढल्या जातात आणि नव्या, कोऱ्या थरावर परत ठेवल्या जातात. तुमच्याकडे ती यादीच नव्हती.

ओव्हरले ठेवणार असाल तर माउंटच्या पर्यायांत 'व्होलाटाइल' हा शब्द नाही ना, एवढे पाहून घ्या. कर्नल ५.१० पासून आलेला हा पर्याय सगळी सिंक वगळतो. तात्पुरत्या कंटेनरसाठी तो ठीक आहे, पण तुमचे एफसिंक तो न बोलता गिळून टाकेल.

पाटीपेन्सिल

बाइंड माउंटचा मुद्दा मान्य आहे. मी डिरेक्टरीच माउंट करत आलो आहे, लिहिताना 'फाईल' लिहिले.

मोजणीदार यांनी आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवावी. मूळ मूल्ये फर्मवेअरमध्ये राहू द्यावीत आणि डेटा पार्टिशनमध्ये फक्त वापरकर्त्याने बदललेली मूल्ये लिहावीत. वाचताना आधी मूळ फाईल, मग तिच्यावर बदल. असे केले की नव्या फर्मवेअरमधली नवी मूल्ये आपोआप लागू होतात. बदलांच्या फाईलमध्ये रचनेचा आवृत्तिक्रमांक ठेवा. आणि दोन फर्मवेअर पार्टिशने आलटून पालटून वापरत असाल तर नव्या फर्मवेअरने जुनी कॉन्फिगरेशन रूपांतरित करताना मूळ प्रत जपून ठेवलीच पाहिजे. नवे फर्मवेअर बूट झाले नाही म्हणून यंत्र मागच्या पार्टिशनवर परतले, आणि तिथल्या जुन्या प्रोग्रॅमला नव्या रचनेची फाईल वाचता आली नाही, तर परतून उपयोग काय?

कार्डफेल

कारखान्यातून आलेली मूल्ये यात मिसळू नयेत. एका यंत्रात, निर्मात्याचे नाव घेत नाही, 'मूळ स्थितीत आणा' हे बटण दाबल्यावर संवेदकाचे कॅलिब्रेशनही पुसले गेले होते, कारण तेही त्याच डेटा पार्टिशनमध्ये होते. यंत्र सुरू झाले, वाचने छान दिसत होती, आणि सगळी चुकीची होती. अनुक्रमांक, मॅक पत्ता आणि कॅलिब्रेशन वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवून ते कायम फक्त-वाचनीय माउंट करावे.

रिलेवाला

एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) यजमान किल्ल्यांचाही विचार करा. त्या मूळ प्रतिमेतच घातल्या तर सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या एकच होतात, रॅममध्ये तयार केल्या तर प्रत्येक बूटला बदलतात, आणि पहिल्या बूटला तयार करून टिकवायच्या म्हटले तर त्याच क्षणी वीज जाऊन किल्लीची फाईल रिकामी राहू शकते. 'फाईल आहे का' एवढेच तपासणारी स्क्रिप्ट मग नवी किल्ली बनवत नाही, एसएसएच सुरू होत नाही, आणि दुरून आत शिरायची वाट बंद. फाईल आहे एवढ्यावर थांबू नये, ती वाचता येते का ते पाहावे.

मशीन-आयडीही (प्रत्येक यंत्राची वेगळी ओळख) याच कुळातली. ती सिस्टीमडीला (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) इतक्या लवकर लागते, की डेटा पार्टिशन तोवर माउंट झालेले नसते. त्यासाठी इनिट्रॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीची रॅममधली फाइल सिस्टीम) सोय करावी लागते.

मोजणीदार (धागाकर्ता)

दोन आठवड्यांनी परत आलो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

रिलेवाला यांनी सांगितली तशी चाचणी आधी जुन्याच स्क्रिप्टवर लावली. सतराव्या तोडीला शून्य बाइटची फाईल हाती आली; ज्यासाठी तीन यंत्रे परत यावी लागली ते टेबलावर जेवणाच्या सुट्टीत घडले. मग तात्पुरती फाईल त्याच डिरेक्टरीत, एफसिंक, रिनेम, डिरेक्टरीचे एफसिंक, आणि प्रत्येक पायरीचा निकाल तपासणे, असा बदल करून चाचणी तीन रात्री चालवली. तुटलेली फाईल एकदाही मिळाली नाही. पण 'यंत्र खोटे बोलले' हा दोष पहिल्या रात्री दोनदा सापडला. शोध घेता असे दिसले, की वेब पान स्क्रिप्टला पार्श्वभूमीत सोडून देऊन लगेच संदेश दाखवत होते. आता स्क्रिप्ट यशस्वी संपल्यावरच संदेश येतो, तोवर 'जतन करत आहे, वीज काढू नका' असे दिसते.

नोंदक्रमांक वेगळ्या फाईलमध्ये गेला आहे आणि दहा मिनिटांतून एकदाच लिहिला जातो. ईटीसी फक्त-वाचनीय केली, डेटा पार्टिशनमधली एक डिरेक्टरी माउंट केली, आणि टिकवायच्या फायलींची यादी नऊ नावांवर थांबली. गोठलेल्या यंत्रांसाठी वरच्या थरातल्या ज्या फायली जुन्या खालच्या थराशी तंतोतंत जुळतात त्या टाकून द्यायच्या आणि उरलेल्या माणसाने पाहायच्या, असे ठरवले आहे.

एक शंका उरली. संदेश यायला आता सेकंदभर लागतो, तेवढ्यात तंत्रज्ञ बटण दोन-तीनदा दाबतात. दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालल्या तर?

जुनाखिळा

दोघींची तात्पुरती फाईल एकाच नावाची असेल तर नक्की गोंधळ होईल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एफलॉकने कुलूप घ्या, म्हणजे दुसरी पहिली संपेपर्यंत थांबेल. आणि लिहिण्याआधी नवा मजकूर जुन्याशी ताडून पाहा. तोच असेल तर फ्लॅशला हात न लावता यशस्वी म्हणून परत या. मग त्यांनी दहा वेळा दाबले तरी लिहिले एकदाच जाईल.

मोजणीदार (धागाकर्ता)

केले. रिले आज रात्री पुन्हा लावतो, या वेळी बटण दोनदा दाबणारी स्क्रिप्ट घालून.